आधी अभ्यास, मग पुढारीपण

गेल्या महिन्यात नातीचा फोन आला. नात म्हणजे थोरल्या लेकीची मुलगी, अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. करते आहे ती. नेहमी वाचणाऱ्यांना ती ठाऊक आहे. इकडचं तिकडचं बोलून झालं, तिथल्या थंडीची आणि इथल्या भाजीच्या भावांची चौकशी झाली, आणि मग म्हणाली, "आजी, एक सांगायचं होतं. आमच्या डिपार्टमेंटच्या विद्यार्थी प्रतिनिधीसाठी मी उभी राहतेय."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "अगं, आधी अभ्यास पुरा कर. हे पुढारीपण कशाला हवंय?"

ती काही बोलली नाही. "बरं" म्हणाली, आजोबांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. आमची नात चांगली भांडखोर आहे. ती नुसतं 'बरं' म्हणून गप्प बसली म्हणजे तिला लागलं होतं.

रात्री काही केल्या झोप येईना. एक तर नातीला दुखावलं. दुसरं म्हणजे हेच वाक्य मी पूर्वी एकदा, जवळजवळ शब्दशः असंच, एका मुलीला ऐकवलं होतं. ती हकिगत पुढे सांगते. आधी नातीचं प्रकरण काय ते सांगायला हवं, कारण तीन दिवसांनी मीच तिला फोन केला आणि म्हटलं, "आता नीट सांग बाई. मी मध्ये बोलणार नाही." (मध्ये बोललेच, पण ते असो.)

क्लिनिकल सायकॉलॉजी म्हणजे काय हे आमच्या नातेवाइकांतही अजून सगळ्यांना उमगलेलं नाही. वन्सं परवाही म्हणाल्या, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर ना?" तर तसं नाही. गोळ्या-औषधं देणारा तो मनोविकारतज्ज्ञ, आधी एम.बी.बी.एस. झालेला. ही मंडळी बोलून, चाचण्या घेऊन, ठरलेल्या पद्धतीने उपचार करतात. अमेरिकेत हे शिक्षण पाच-सहा वर्षांचं. १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांनी पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं, तिथून ही शाखा सुरू झाली असं मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, कोलोराडोतल्या बोल्डर गावी परिषद भरली आणि तिथे ठरलं की या विद्यार्थ्याने संशोधकही व्हायचं आणि उपचारकही. म्हणजे पहिल्यापासून दोन डगरींवर पाय. सकाळी वर्ग, दुपारी स्वतःचं संशोधन, आणि आठवड्यातले दोन दिवस क्लिनिकमध्ये खऱ्या माणसांसमोर बसायचं. याला प्रॅक्टिकम म्हणतात. शेवटी एक अख्खं वर्ष इंटर्नशिप, आणि ती झाल्याशिवाय पदवी नाही.

आम्ही बी.एड.ला पाठ घ्यायचो ते मला आठवलं. मागच्या बाकावर मेथड मास्तर वही घेऊन बसलेले असायचे. आमचा पाठ फसला तर फार तर त्या तासाला मुलांना अपूर्णांक कळायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांचे नेहमीचे सर ते पुन्हा शिकवायचे. हिच्या खोलीत मागच्या बाकावर कोणी नसतं. ती, समोरचा माणूस आणि बंद दार. म्हणून दर आठवड्याला एक तास तिने अनुभवी मानसशास्त्रज्ञासमोर बसायचं, काय झालं ते सांगायचं, ध्वनिमुद्रण ऐकवायचं, चूक कुठे झाली ते विचारायचं. याला सुपरव्हिजन म्हणतात. परवाना त्या वरिष्ठांचा असतो आणि विद्यार्थी त्यांच्या छत्राखाली काम करतो.

आता मुद्द्यावर येते. नातीच्या विद्यापीठाने जोडून दिलेल्या एका क्लिनिकमध्ये हा तास वरचेवर रद्द व्हायचा. वरिष्ठांना वेळ नसे. कधी मीटिंग, कधी सुट्टी, कधी "पुढच्या वेळी दोन्ही एकदम बघू". पेशंट मात्र रद्द होत नसत. ती पेशंटबद्दल मला अवाक्षर सांगत नाही, ते नियमात बसत नाही आणि मीही विचारत नाही. एवढंच म्हणाली, "आजी, त्या दिवशी मला विचारायला कोणी नव्हतं, आणि त्या बाईंना माझ्याशिवाय कोणी नव्हतं."

मी म्हटलं, मग सांगायचं ना कोणाला तरी! त्यावर तिने जे सांगितलं ते ऐकून मी थोडा वेळ गप्पच झाले.

तक्रार करायची तर ती कोणाकडे? ज्यांच्याबद्दल तक्रार, तेच तुमच्या कामाचं मूल्यमापन लिहिणार, तेच इंटर्नशिपसाठी शिफारसपत्र देणार. हे तर सगळ्याच क्षेत्रांत असतं म्हणा, आमच्या वेळी मुख्याध्यापकांच्या गोपनीय अहवालाची धास्ती काय कमी होती? शिवाय सुपरव्हिजन नीट झाली नाही असं कळवलं तर त्या क्लिनिकमधले आपलेच भरलेले तास मोजले न जाण्याची भीती. पण या क्षेत्रात आणखी एक गोष्ट आहे, जी मला आधी सुचलीच नव्हती. समोर बसलेला माणूस मनाचा तज्ज्ञ असतो. तुम्ही म्हणालात, "माझा तास तीन आठवडे झाला नाही," तर तो शांतपणे विचारू शकतो, "याने तुला इतकं अस्वस्थ का होतंय? तुला वरिष्ठांविषयी नेहमीच असं वाटतं का?" झालं! तक्रार बाजूला राहिली आणि तुमचा स्वभाव टेबलावर आला. नातीच्या बरोबरच्या एका मुलीला नेमकं असंच विचारलं गेलं. ती बिचारी घरी येऊन आठवडाभर विचार करत बसली की खरंच आपल्यातच काही बिघाड आहे की काय. तिने पुढचा अर्जच केला नाही, आणि त्या वर्षाअखेर शिक्षण सोडून ती गावी गेली.

त्यांचा आधीचा प्रतिनिधी, पाचव्या वर्षाचा मुलगा, याने एक साधी गोष्ट केली. तीन वर्षांत त्या क्लिनिकमधून गेलेल्या नऊ जणांना त्याने एकेक करून विचारलं, तुमचे किती तास झाले नाहीत, तारखा आहेत का? सगळ्यांकडे तारखा होत्या, कारण प्रॅक्टिकमचा प्रत्येक तास नोंदवावाच लागतो. त्याने नावं वगळून एक तक्ता केला. विशेषण एकही नाही, नुसत्या तारखा. तो विभागाच्या बैठकीत ठेवला. एकीने सांगितलं होतं तेव्हा तो तिचा स्वभाव ठरला होता. नऊ जणांच्या तारखा समोर आल्यावर मात्र ती वस्तुस्थिती ठरली. विभागाने तिथे दुसरे सुपरव्हायझर नेमायला लावले आणि विद्यार्थ्यांचा तास बुडाला तर कळवायचं कोणाला, हे लेखी ठरवून घेतलं. फार मोठी क्रांती नव्हे. गेलेली मुलगी काही परत आली नाही.

तो मुलगा आता इंटर्नशिपला दुसऱ्या राज्यात गेला. जागा रिकामी झाली. म्हणून आमची बाई उभी राहिली होती, आणि मी तिला पुढारीपण नको म्हणून सांगत होते.

आपल्या भाषेतली गंमत बघा. 'पुढाकार घेतला' म्हटलं की कौतुक, 'पुढारी झाला' म्हटलं की नाक मुरडणं. मूळ शब्द तोच. पण पुढारी म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरे कपडे, गळ्यात हार आणि चौकातला फ्लेक्स येतो. नऊ जणांना फोन करून तारखा गोळा करणारा मुलगा येत नाही.

नातीने मग मला वाचायला काही काही पाठवलं. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, शब्दकोश शेजारी घेऊन बसावं लागतं, पण निवृत्त माणसाकडे वेळेला काय तोटा! त्यात १९६९ सालची एक हकिगत सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्या वर्षी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. जुलैत माणूस चंद्रावर उतरला, आम्ही मुली वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या रेडिओभोवती कोंडाळं करून बसलो होतो. मानसशास्त्राचा एक पेपर होता आणि आम्ही व्याख्या पाठ करत होतो. त्याच वर्षी १ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन चालू होतं. ही तिथल्या मानसशास्त्रज्ञांची सर्वांत मोठी संस्था, १८९२ सालची. अध्यक्ष होते जॉर्ज मिलर, मोठे विद्वान. त्यांचं अध्यक्षीय भाषण व्हायचं होतं, विषय होता मानवी कल्याणासाठी मानसशास्त्र. आपलं शास्त्र आपल्यापाशीच न ठेवता लोकांना देऊन टाकलं पाहिजे, असा त्यांचा प्रसिद्ध विचार त्याच भाषणातला.

आणि त्या वेळी सुमारे दोन डझन कृष्णवर्णीय पदव्युत्तर विद्यार्थी व्यासपीठावर चढले. गॅरी सिम्पकिन्स नावाचा तरुण त्यांचा म्होरक्या. आदल्याच वर्षी, १९६८ मध्ये, कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी आपली वेगळी संघटना काढली होती आणि आता विद्यार्थ्यांचीही झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी असोसिएशनच्या कौन्सिलपुढे आपल्या मागण्या मांडल्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, तसे प्राध्यापक नेमा, आर्थिक मदत कुठे मिळते त्याची माहिती गोळा करा, आणि आम्हाला आमच्या वस्त्यांतल्या माणसांच्या उपयोगी पडेल असं प्रशिक्षण द्या.

ही शेवटची मागणी मी दोनदा वाचली. नुसत्या जागा मागितल्या नाहीत. जे शिकवता ते आमच्या माणसांना लागू पडतं का, असा प्रश्न विचारला. मिलरसाहेब सांगणार होते की शास्त्र लोकांना देऊन टाका, आणि ही मुलं विचारत होती, कोणत्या लोकांना? दोघांच्या म्हणण्यात मला तर फारसं अंतर दिसत नाही. पुढे असोसिएशनने त्या विद्यार्थी संघटनेला आपल्याच इमारतीत कचेरी दिली. १९७१ साली केनेथ क्लार्क हे असोसिएशनचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. आणि वंशभेदात आपलाही हातभार लागला याबद्दल त्या संस्थेने जाहीर माफी मागितली ती थेट २०२१ च्या ऑक्टोबरात. बावन्न वर्षांनी! व्यासपीठावर चढलेली ती पोरं तोवर माझ्यासारखी म्हातारी झाली असणार.

भाषण अडवणं मला आवडत नाही, शिक्षकाचा पिंड आहे. वर्गात कोणी मध्येच उठून फळ्यापाशी आलं तर मी काय केलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. पण दार वाजवायला दारच नसेल तर माणूस खिडकीतूनच येणार, एवढं कळतं.

दार व्हायला १९८८ साल उजाडलं. त्या वर्षी असोसिएशनमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना अधिकृतपणे सुरू झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एपॅग्ज' म्हणतात. विद्यार्थीच निवडून येतात, विद्यार्थीच चालवतात. अभ्यासक्रमांना मान्यता देणारा जो आयोग आहे त्याच्यावरही आता विद्यार्थ्याची एक जागा असते. आणि या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना आपली माहिती जाहीर करावी लागते, किती जणांना प्रवेश दिला, किती वर्षांत पूर्ण झाले, किती सोडून गेले, खर्च किती, इंटर्नशिप किती जणांना मिळाली, सगळं संकेतस्थळावर. मी नातीच्या विभागाचं पान उघडून 'सोडून गेले' हा रकाना पाहिला. त्यात त्या मुलीच्या वर्षासमोर १ लिहिलेला होता. का गेली त्याला रकाना नाही.

इंटर्नशिपची कहाणी तर आणखी ऐकण्यासारखी आहे. पूर्वी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेत क्लिनिकवाले फोन करायचे, आणि देशभरचे उमेदवार दिवसभर फोनशेजारी बसून असायचे, न्हाणीघरात जायचीसुद्धा चोरी. १९९९ पासून ही जुळवणी कॉम्प्युटरवर होते. विद्यार्थी आपल्या पसंतीक्रमाने ठिकाणं लिहितात, ठिकाणं आपल्या पसंतीने विद्यार्थी लिहितात, आणि यंत्र जोड्या लावतं. अगदी वधूवर सूचक मंडळ! गंमत म्हणजे या पद्धतीमागच्या गणितात लग्नाचंच उदाहरण घेतलेलं आहे, आणि त्या विषयातल्या कामासाठी शॅपली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण जुळवणी कितीही हुशारीने केली तरी मुली शंभर आणि स्थळं ऐंशी असतील तर वीस जणी राहणारच. नेमक्या त्याच २०१२ साली ही टंचाई शिगेला पोचली होती. पहिल्या फेरीअखेर साधारण पाचातला एक उमेदवार जागेविना होता. पाच वर्षं अभ्यास, कर्जाचा डोंगर, आणि पदवी अडकली एका वर्षासाठी!

विद्यार्थी संघटनेने हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. दर बैठकीत तोच मुद्दा. वरिष्ठांना कंटाळा आला असेल, येऊ दे. त्यांनी अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला काय विचारतात याचं एक पुस्तकही काढलं, आधीच्यांनी मागच्यांसाठी. २०१२ मध्येच असोसिएशनने नव्या इंटर्नशिपना मान्यता मिळवायला मदत म्हणून तीस लाख डॉलरपर्यंत रक्कम मंजूर केली. २०१८ च्या आसपास पारडं फिरलं आणि जागा उमेदवारांहून जास्त झाल्या. याचं श्रेय एकट्या विद्यार्थ्यांना देऊ नये, कारणं पुष्कळ असतात. पण ज्यांनी ओरड केली त्यांच्यातल्या कोणालाच तिचा उपयोग झाला नसणार हे मला फार जाणवलं. ते कधीच बाहेर पडले होते. विद्यार्थी प्रतिनिधीचं हे एक विचित्र असतं, त्याचं पद वर्षभराचं आणि त्याच्या कामाला लागतात दहा वर्षं. म्हणून तर कागद नीट ठेवावे लागतात.

आमचे धाकटे भाऊजी हे सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, ही पदं शोभेची असतात. संस्था फोटोपुरती मुलं बसवतात, आणि मुलं बायोडेटात लिहायला बसतात." त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मी नातीला सरळ विचारलं. ती हसून म्हणाली, "आजी, सीव्हीवर लिहिता येतं हे खरंच आहे. मी लिहिणार." मला तिचा प्रामाणिकपणा आवडला. हेतू शंभर टक्के शुद्ध असलेल्यांनीच काम करायचं ठरवलं तर बैठकीला कोरम होणार नाही. मला खटकतं ते वेगळंच. हे काम फुकट करायचं असतं, झोपेच्या वेळेतून करायचं असतं, आणि दरवेळी करणारी तीच ती चार मुलं असतात. ज्याला घरून पैसे येत नाहीत, जो रात्री दुसरी नोकरी करतो, तो कुठून येणार बैठकीला? म्हणजे ज्याचं म्हणणं सगळ्यात आधी ऐकायला हवं तोच गैरहजर. विद्यापीठांनी या कामाचे तास प्रशिक्षणात धरावेत असं माझं मत झालं आहे. उद्या हीच मुलं रुग्णालयात विभाग चालवणार, कोणाचे तरी सुपरव्हायझर होणार. ते कुठल्या पुस्तकातून येणार आहे?

आपल्याकडचं काय, असं कोणी विचारेल. आपल्याकडे विद्यार्थ्याने पुढे होणं याचा आपण धसकाच घेतला आहे, आणि त्याला कारणंही घडली. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत निवडणुकांऐवजी गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने निवडणुका पुन्हा कागदावर आणल्या. मारामाऱ्या थांबल्या हे उत्तमच झालं. पण ज्याला जास्त मार्क तो प्रतिनिधी, यात एक खोच आहे. ज्याला जास्त मार्क, त्याला गमावण्यासारखंही जास्त असतं!

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी इथे क्लिनिकल सायकॉलॉजीचीच तयारी करते. आपल्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता असलेला दोन वर्षांचा एम.फिल. हाच वर्षानुवर्षं या व्यवसायाचा राजमार्ग. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवलं. डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सूचना काढली की एम.फिल.ला प्रवेश घेऊ नका, ही मान्य पदवी नाही. थोड्याच दिवसांत दुसरी सूचना आली की क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कचं एम.फिल. २०२५-२६ पर्यंत चालेल. त्या मधल्या दिवसांत त्या पोरीने मला रोज फोन केला. मला काय कळणार त्यातलं? पण दुसरं कोणाला विचारायचं हे तिला माहीत नव्हतं. सूचना निघतात त्या संस्थांच्या नावे निघतात, मुलांना कळतात त्या व्हॉट्सॲपवरून. सूचना काढायच्या आधी त्या खोलीत दोन विद्यार्थी बसवले असते तर "आत्ता शिकताहेत त्यांचं काय?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला असता.

आता ती राहिलेली हकिगत.

१९८७ चं साल. मी दहावीची वर्गशिक्षिका होते. शाळेचं नाव घेत नाही, अर्धे वाचणारे ओळखतीलच. मुलींचं स्वच्छतागृह एकच, त्याला पाणी नाही आणि कडी मोडलेली. वर्गप्रतिनिधी मुलगी, शांत, दोन वेण्या, पहिल्या पाचात नंबर असायचा. एके दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी आली आणि माझ्या हातात वहीचं दुहेरी पान दिलं. मुख्याध्यापकांना अर्ज. खाली आठवी ते दहावीच्या मुलींच्या सह्या, क्रमांक घालून, छत्तीस. मजकूर चारच ओळींचा होता. त्यात लिहिलं होतं की मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत.

मी म्हटलं, "बोर्डाचं वर्ष आहे तुझं. आधी अभ्यास. हे पुढारीपण नको." आणि तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. 'बघते मी' असंही म्हटलं असेन. नंतर पुढे केला नाही. तेव्हा मुख्याध्यापकांशी माझं एका रजेवरून बिनसलं होतं, आणखी एक निमित्त नको वाटलं. एवढंच कारण.

त्याच पर्समध्ये शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली असायची.

ती 'बरं, बाई' म्हणाली आणि गेली. पुन्हा काही मागायला आली नाही. पास झाली, चांगले मार्क पडले. त्यानंतर ती कुठे असते मला माहीत नाही. आठवीतल्या दोघी-तिघी त्या वर्षी शाळेतून गेल्या. घरच्यांनी काढल्या असं आम्ही हजेरीपटावर लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं. पाणी आलं ते पुढच्या मुख्याध्यापकांच्या काळात, कशामुळे ते आता आठवत नाही. त्या अर्जामुळे नाही एवढं नक्की.

हे आजवर घरात कोणाला सांगितलं नव्हतं. नातीला सांगितलं. ती उपचारक व्हायला शिकते आहे, तेव्हा मला वाटलं आता काहीतरी समजुतीचं बोलेल. ती म्हणाली, "आजी, छत्तीस सह्या? क्रमांक घालून?" आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चांगला अर्ज होता."

नात निवडून आली. दुसरं कोणी उभंच नव्हतं, हेही तिनेच सांगितलं. आता दर महिन्याच्या बैठकीचं इतिवृत्त तिने लिहायचं आहे, आणि ते कसं लिहितात हे तिला तिथे कोणी शिकवलेलं नाही. मी शाळेत चौदा वर्षं पालकसभेची इतिवृत्तं लिहिली. म्हणून परवा तासभर आमची शिकवणी झाली. मागच्या सभेचं इतिवृत्त आधी वाचून कायम करायचं. चर्चा लांबली तरी निर्णय वेगळ्या ओळीवर लिहायचा. कोण करणार आणि कधीपर्यंत, हे त्याच ओळीत. 'विचार करू' असं कोणी म्हणालं तर तेही लिहायचं, तारखेसह, आणि पुढच्या सभेत पहिला विषय तोच घ्यायचा. शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा सोडायची नाही, तिथेच लागून सही घ्यायची, म्हणजे मागाहून कोणाला काही घुसडता येत नाही. ती म्हणाली, आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर असतं गं. मी म्हटलं, मग छापून घे आणि सही घे.

पहिली बैठक येत्या गुरुवारी आहे, तिथे दुपारी बारा वाजता. म्हणजे आपल्याकडे रात्रच. झाल्यावर फोन करते म्हणाली आहे. मी जागी राहणार आहे.